कुठपर्यंत कळलं?

वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून सरळ अगं-तुगंवर येते. शाळेत पहिल्या दोघा-तिघांत असायचीस. आता कॉलेजला चार महिने झाले, पहिल्या चाचणीत जेमतेम पास झालीस आणि वर्गात धड ओळखीचं कोणी नाही. ‘पहिल्या वर्षात माणूस घडतो’ असं सगळे म्हणतात, मग माझंच काही घडताना का दिसत नाही, असा तुझा प्रश्न आहे.

मलाही वर्षभर काही दिसलं नव्हतं. माझ्या पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ७ पडले होते. पेपर हातात आल्या आल्या मी वरचा कोपरा दुमडून टाकला, म्हणजे आकडा आत. शेजारच्या मुलीने विचारलं तर ‘ठीक आहेत’ म्हणाले. (तिला ६ होते, हे खूप नंतर कळलं. तीही ‘ठीक’च म्हणाली होती.) दोन महिने तो पेपर तसाच फाइलमध्ये पडून होता. शेवटी परीक्षा तोंडावर आल्यावर सरांकडे गेले आणि म्हटलं, ‘सर, मला काहीच कळत नाहीये.’ ओरडतील नाहीतर समजूत घालतील, असं वाटलं होतं. त्यांनी माझी वही माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, ‘कुठपर्यंत कळलं?’

मला सांगताच येईना. नुसती पानं उलटत बसले. ते म्हणाले, ‘आज घरी जा. जिथे गाडी अडते तिथे पेन्सिलने रेघ मार आणि उद्या ये.’

रेघ आली तिसऱ्या पानावर! अख्खा विषय डोक्यावरून जातोय असं मी धरून चालले होते, आणि मुळात एक व्याख्या कळल्यासारखी वाचून पुढे सरकले होते. पुढचा सगळा डोलारा तिच्यावर उभा. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत गाठ सुटली. म्हणून मी काही पहिली-बिहिली आले नाही, पास झाले एवढंच. पण आपलं कुठे अडलंय हे शाळेत कोणीतरी हेरायचं, ते काम आता आपल्याकडे आलंय, हे मला त्या पेन्सिलीमुळे कळलं. पहिल्या वर्षात माझ्यात काही बदललं असेल तर एवढंच.

तू लिहिलंयस, ‘तीन-तीनदा वाचते तरी ऐनवेळी आठवत नाही.’ वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा वही मीट आणि कोऱ्या कागदावर लिही. पहिल्यांदा चार ओळींवर हात थांबेल, थांबू दे.

कमी गुण म्हणजे आपली लायकीच नाही, हे मात्र डोक्यातून काढ. १९८२ साली विल्सन आणि लिनव्हिल यांनी पहिल्या वर्षातल्या काही मुलांना एवढंच दाखवलं, की सुरुवातीला गुण घसरतात आणि पुढे बहुतेकांचे सुधारतात. ज्यांना हे सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा त्या मुलांमध्ये कॉलेज सोडणारे कमी निघाले. प्रयोग छोटा होता, ४०च मुलं होती, त्यामुळे फार ताणणार नाही. पण ‘हे सगळ्यांचंच होतं’ हे वेळेवर कानावर पडलं असतं तर मी तो कोपरा दुमडला नसता.

मैत्रिणींचं म्हणशील तर थोडा हिशेब कर. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात साध्या मैत्रीला साधारण ५० तास आणि घट्ट मैत्रीला २००हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असं दिसलं. तासाला शेजारी बसणं त्यात फारसं धरू नकोस, गप्पा आणि टवाळकी धर. मी हौसेने चार मंडळांत नाव घातलं आणि कुठेच रुजले नाही. मग तीन सोडली आणि नाटकाच्या गटात नेपथ्य रंगवायला बसले. अभिनय शून्य, पण रंग वाळेपर्यंत करायचं काय? बोलायचं. आजच्या माझ्या दोन्ही जुन्या मैत्रिणी तिथल्याच. बाकी पहाटे पाचला उठा, स्वतःला पार बदला वगैरे सल्ले मला कधी झेपले नाहीत.

एक गोष्ट तेवढी वेगळी. झोप आणि भूक दोन-दोन आठवडे उडाली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर माझं हे पुराण बाजूला ठेव आणि कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेट. माझ्यासारखे दोन महिने काढू नकोस.

तसं नसेल तर आज रात्री ज्या विषयाची सगळ्यात धास्ती आहे त्याची वही काढ आणि रेघ मार. कुठे आली ते इथे लिही. गणित असेल तर मी बघते. रसायनशास्त्र असेल तर दुसऱ्या कोणाला तरी हाक मारू, माझा त्यात कधीच उजेड पडला नाही.