तोक्योत राहतो, ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच फुजी चढायचाय. आत्तापासून तयारीला लागलोय तर घरचे हसतात. नक्की किती आधी आणि काय तयारी करावी?

घरचे हसतात हे वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसले. हसू देत. आत्तापासूनच लागा तयारीला.

आम्ही तोक्योतच निशिकासाईला राहतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. सुरुवातीला माझ्या कॅलेंडरवर एकच तारीख असायची, पुण्याच्या तिकिटाची, बाकीचे दिवस नुसते ढकलायचे. हिवाळ्यात सकाळी आराकावा नदीच्या काठावर गेलं की लांबवर फुजी स्वच्छ दिसतो, तर एकदा लेक म्हणाली, आई आपण तिथे वर कधी जायचं? झालं, उन्हाळा येईपर्यंत घरात दुसरा विषयच नाही. सरावाला आधी ताकाओ (५९९ मीटर, शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभरात), तो जमल्यावर तान्झावा डोंगररांगेतला तोनोदाके, १४९१ मीटर. रात्री जेवणं झाली की आम्ही तिघं नकाशा उघडून बसायचो. आई पुण्याहून रोज फोनवर विचारायची, आज काय आणलंत गं? लेकीने खिडकीत तेरुतेरु-बोझु टांगला, पाऊस पडू नये म्हणून इथली मुलं पांढऱ्या कापडाची बाहुली करतात ना, तो. यामागोयाचं, म्हणजे डोंगरावर रात्री मुक्काम करायच्या झोपडीचं, बुकिंग हल्ली बरेच जण ऑनलाइन करतात पण आम्हाला हवी होती तिथे फोनच करावा लागायचा, तर मी वाक्यं वहीत लिहून शेजारच्या ओबासानसमोर (जपानी काकू) म्हणून दाखवली आणि मग नवऱ्याला न सांगता फोन लावला. बुकिंग मिळालं. तोपर्यंत या देशात माझं प्रत्येक काम त्याने केलेलं होतं, वॉर्ड ऑफिसपासून डेंटिस्टपर्यंत. त्या दिवशी घरात गोडाचा शिरा केला मी.

आणि मग सॅक भरून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर आमचे भाऊजी, पुण्यातले ट्रेकवाले, लिहितात, 'कळसूबाईला आम्ही चपलेवर जातो, एवढा गाजावाजा कशाला?' खाली सगळ्यांचे हसण्याचे इमोजी. मला ते फार लागलं. अहो कळसूबाई १६४६ मीटर! योशिदा मार्गावर बस जिथे सोडते ते गोगोमेच २३०० मीटरवर आहे, म्हणजे चालायला सुरुवातच कळसूबाईच्या माथ्याच्या वरून होते आणि तिथून ३७७६ गाठायचं असतं. ऑगस्टमध्ये तोक्योत घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि शिखरावर सरासरी तापमान ६ डिग्रीच्या आसपास. चपलेवर जा म्हणे.

तर, यामागोयाचं बुकिंग उघडलं की लगेच करा, शनिवार आणि ओबोनची (ऑगस्टच्या मध्यातल्या सणाची) सुट्टी टाळा. हेडलॅम्प, पँटसकट रेनसूट, घोट्याच्या वर येणारे बूट, हे सगळं भाड्याने मिळतं, विकत घ्यायची गरज नाही. टॉयलेटसाठी शंभर येनची नाणी भरपूर ठेवा. शाकाहारी असाल तर तिथल्या जेवणावर विसंबू नका, आम्ही मेतकूट, भडंग आणि उमेबोशीची ओनिगिरी (खारवलेला आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा) नेली होती. फीचं म्हणाल तर २०२५ पासून सगळ्या मार्गांवर ४००० येन आहे, आणि बुकिंग नसेल तर योशिदाचं गेट दुपारी २ नंतर बंद.

वर पोचलो तेव्हा ढग होते, सूर्योदय जेमतेम दिसला. यावरही भाऊजी म्हणालेच, एवढं करून काय मिळालं? आमचे आधीचे सगळे महिने कसे गेले ते त्यांना दिसलेच नाहीत. जायच्या दिवसापुरतीच ट्रिप असते असं मानणाऱ्यांना परदेशात एकेक आठवडा कसा काढावा लागतो ते माहीतच नसतं, त्यांचं कशाला ऐकायचं?

हां, एक राहिलं. वादळाचा इशारा असेल तर कितीही तयारी झालेली असो, सरळ कॅन्सल करा. वर जाताना डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर थांबा, कमी झालं नाही तर खाली उतरा. मुलांना आधी ताकाओला नेऊन बघा. आणि सॅकचा फोटो ग्रुपवर जरूर टाका.