रकाना नंतर, विचारणे आधी

प्रिय,
तुझे पत्र दोनदा वाचले. पाणलोटाच्या एकाच कामाबद्दल निम्मे गाव पाणी वाढले म्हणते, निम्मे आटले म्हणते, आणि खरे कोणाचे मानावे, असे तू विचारतेस. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून आणि मुरमातून वाट काढते. एका बांधाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या विहिरीचे नशीब सारखे नसते. शिवाय पाणी वाढले म्हणून ऊस आला, उसामागे बोअर आले आणि पाणी पुन्हा खाली गेले, तर ती तक्रार कामाच्या अपयशाची की यशाची? ज्याने सांगितले, त्यालाच विचार.

मी विचारले नव्हते. २००५ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका आजींनी मला विहिरीच्या कठड्यावर बसवून सांगितले, "पाण्यानं घर मोडलं, बाबा." विहीर सात परस खोल, तळाशी दोन आडवे बोअर मारलेले, पाणी जेमतेम घोटाभर. ते पाहून मी त्यांचे वाक्य 'टंचाई'च्या रकान्यात टाकले आणि अहवाल वेळेत दिल्याची शाबासकीही घेतली. वर्षभराने पुन्हा गेलो तेव्हा कळले, की मी पहिल्यांदा गेलो त्याआधीच बंधाऱ्यानंतर विहीर भरली होती, मोटारीच्या पाळीवरून दोन मुलांत वाजले होते आणि चुली वेगळ्या झाल्या होत्या. आजी टंचाईबद्दल बोलतच नव्हत्या.

किस्से म्हणजे पुरावा नव्हे, असे तुला ऐकवले जाईल. भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी अवश्य घे. पण पाणी किती खोल गेले हे त्या सांगतील, कोणाच्या पाळीत गेले हे नाही. मूल्यमापन करणारे रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशात बसवलेल्या 'सर्वांत महत्त्वाचा बदल' या पद्धतीत लोकांनी निवडलेल्या बदलाच्या कहाणीबरोबर निवडीचे कारणही लिहून घेतात. तू मात्र कारण सोडून सॉफ्टवेअरमध्ये लोकांच्या वाक्यांवर विषयांच्या खुणा करत बसली आहेस. सांगणाऱ्याला विचार, असे किती वेळा लिहू?

या हट्टापायी माझा एक प्रकल्प गेला. काम देणाऱ्यांना तीन आठवड्यांत आलेख हवे होते, मी लोकांना पुन्हा विचारण्याच्या दुसऱ्या फेरीवर अडून बसलो. माणसांशी बोलायची माझी रीत चुकली असेल. मागणी चुकली नव्हती, हे मी आजही म्हणतो.

पुढच्या आठवड्यात जाशील तेव्हा प्रत्येकाला त्याचेच बोलणे वाचून दाखव आणि गप्प बस. जाण्याआधी सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' बघ. सामाईक विहिरीतला हिस्सा बहुधा तिथे लिहिलेला असतो. आजींचा सातबारा मी आधी पाहिला असता, तर निदान भावकीची शंका तरी आली असती. विचारावे तर तरीही लागलेच असते.

तुझा,
सर