मॉडिफाइड (म्हणजे धातू पकडण्यासाठी रासायनिक बदल केलेल्या) पॉलिमरने पाण्यातले जड धातू खरंच निघतात का? प्रोजेक्टसाठी कुठलं पॉलिमर घेऊ?

निघतात, नक्की निघतात. पण जो पेपर उघडावा त्यात ९९ टक्के रिमूव्हल दिसतं, मग निवडायचं कसं, तर त्या ९९ चाच आधी हिशोब करून बघा. समजा सुरुवातीला लिटरमागे १०० मिलीग्रॅम शिसं होतं आणि ९९ टक्के गेलं, तर उरलं १ मिलीग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे ९९ टक्के काढूनही पाणी शंभरपट खराबच. म्हणून टक्के बघू नका, शेवटी पाण्यात किती उरलं ते बघा.

मी काही वर्षं कायटोसानच्या बीड्सवर काम केलंय, त्यामुळे त्याचंच उदाहरण देतो. कोळंबी-खेकड्याच्या कवचातलं कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यामधे तापवलं की कायटोसान मिळतं, ते पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमधे विरघळवायचं आणि सिरिंजने थेंब थेंब कॉस्टिकच्या द्रावणात सोडायचं, साबुदाण्यासारखे पांढरे मणी होतात. हे मणी नीट धुवून मोरचुदाच्या पाण्यात टाकून ठेवा, हळूहळू निळे होत जातात, तांबं कायटोसानच्या अमाइन ग्रुपला, म्हणजे नायट्रोजनवाल्या गटाला, जाऊन बसलेलं डोळ्यांनी दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ ते बीकर हातात धरून उभा होतो.

आता मॉडिफिकेशन कशाला, तर साधे मणी अ‍ॅसिडिक पाण्यात विरघळून जातात. म्हणून ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने क्रॉसलिंक करतात, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधतात, मणी टिकतात, पण गोम अशी की ग्लुटाराल्डिहाइड नेमकं त्याच अमाइनला धरतं जे धातू पकडणार होतं, म्हणजे जास्त घातलं की मणी मजबूत आणि कामाला कमी. मग त्यावर पॉलिइथिलिनइमाइनसारखं भरपूर अमाइन असलेलं काहीतरी जोडून अमाइन परत वाढवायचे. या क्षेत्रातलं बरंचसं काम म्हणजे हीच ओढाताण आहे.

धातू पकडतो तो ग्रुप, पॉलिमर म्हणजे नुसता त्याचा सांगाडा. त्यामुळे आधी धातू ठरवा. पारा असेल तर सल्फरवाला थायोल ग्रुप घ्या, त्याचं जुनं नाव मर्कॅप्टन हे लॅटिनमधल्या 'पारा पकडणारा' अशा अर्थाच्या शब्दांवरूनच आलंय. तांबं, निकेल, शिसं यांना इमिनोडायअ‍ॅसिटिक ग्रुप चांगला, एक नायट्रोजन आणि दोन कार्बोक्झिल (पाण्यात ऋणभार घेणारे आम्लाचे गट) मिळून नांगीत धरल्यासारखं आयनला धरतात.

क्रोमियमला मात्र बरेच जण फसतात. सहा व्हॅलन्सीचं क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून असतं, म्हणजे ऋणभारित, त्याला कार्बोक्झिलवालं पॉलिमर देऊन काही उपयोग नाही, तिथे अमाइन आणि अ‍ॅसिडिक पीएच लागतो. त्यात अजून एक भानगड, पॉलिमर त्यातल्या काही क्रोमियमला तीन व्हॅलन्सीचं करून परत पाण्यात सोडतं, आणि डायफिनाइलकार्बझाइडच्या जांभळ्या टेस्टला फक्त सहावालंच दिसतं, त्यामुळे रंग गेला की वाटतं सगळं क्रोमियम गेलं. टोटल क्रोमियम वेगळं मोजाच. आर्सेनिकचंही तसंच, तीन व्हॅलन्सीचं आर्सेनिक साध्या पाण्यात बिनभाराचं असतं, आधी ऑक्सिडाइज करून पाचवर न्यावं लागतं, आणि तिथे रेझिनच्या (पॉलिमरच्या बारीक मण्यांच्या) आत लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण बसवलेलं मटेरियल जास्त खात्रीचं.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील. शिशाचे माझे पहिले रिझल्ट फारच सुंदर आले होते, जवळपास सगळं शिसं गायब. नंतर एकदा सहज मणी काढून घेतल्यावर पाण्याचा पीएच बघितला तर तो चढलेला, मणी पुरते धुतलेच नव्हते आणि आतलं कॉस्टिक हळूहळू बाहेर येत होतं. शिसं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसत होतं आणि मी ते गाळून अ‍ॅडसॉर्प्शन, म्हणजे मण्यांना चिकटलेलं शिसं, म्हणून मोजत होतो. सगळा डेटा टाकून द्यावा लागला, फार वाईट वाटलं. तेव्हा धुवायचं पाणी न्यूट्रल येईपर्यंत मणी धुवा, प्रयोगाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा पीएच लिहून ठेवा, आणि त्याच पीएचला मण्यांशिवायचा एक ब्लँक, म्हणजे तुलनेचा प्रयोग, लावा.

दुसरं म्हणजे डिस्टिल्ड वॉटरवर थांबू नका. लिटरला ८० मिलीग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी आणि त्यात ५० मायक्रोग्रॅम शिसं धरा, म्हणजे शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे आठ हजारांवर आयन रांगेत उभे. पाणी सॉफ्ट करायची सल्फोनिक रेझिन मुख्यतः चार्ज बघते, ती कॅल्शियमनेच भरून जाते. तुमचं मटेरियल या गर्दीतून शिसं वेचून काढतं का, माझ्या मते प्रोजेक्टचा खरा प्रश्न हाच असायला हवा. लँगम्युअर फिट करून (म्हणजे मिळालेला डेटा अ‍ॅडसॉर्प्शनच्या ठरावीक समीकरणात बसवून) जो कमाल मिलीग्रॅम-पर-ग्रॅम आकडा येतो तो भरपूर धातू ओतलेल्या द्रावणातला असतो, तो द्या, पण त्याच्यासोबत कमी कॉन्सन्ट्रेशनचा आणि कॅल्शियम घातलेल्या पाण्याचा डेटा द्या, आणि जमलं तर मणी भरलेल्या नळीतून पाणी सोडून छोटा कॉलम चालवून किती पाणी गेल्यावर धातू पलीकडे यायला लागतो ते दाखवा.

आणि रिजनरेशन, म्हणजे पकडलेला धातू सोडवून मणी परत वापरणं, विसरू नका. शिसं-तांबं असेल तर पातळ अ‍ॅसिडने धातू सुटतो, तेच मणी निदान चार-पाच वेळा वापरून बघा, दर वेळी वजन करा, म्हणजे मणी विरघळतायत का ते कळेल. सुटलेला धातू त्या थोड्याशा अ‍ॅसिडमधे एकवटलेला असतो, मूळ पाण्यापेक्षा कितीतरी घातक. ते सिंकमधे ओतू नका, लेबल लावलेल्या वेगळ्या बाटलीत साठवा आणि लॅबच्या घातक कचऱ्यातच द्या. आमच्याकडे त्या बाटलीला झाकण लावायची जबाबदारी रोज ज्याचा प्रयोग चालू असेल त्याची असायची.