इंजिनला आग लागलेली जुनी कॅम्पर व्हॅन पुन्हा उभी करता येईल का?

येईल, पण इंजिनाच्या आधी वायरिंग बघा. जळालेल्या भागापासून हातभर लांबची वायरही वाकवून पाहा. वरचं प्लास्टिक तडकत असेल तर जोड न मारता पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा जुडगा, बदला. आग विझवायची पावडर ओल धरून धातू खाते, ती लगेच काढा. जुन्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) फोक्सवॅगनचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तोच पेटला असेल तर त्या इंजिनाचा नाद सोडा. अशा गाड्यांत बरेचदा आगीचं मूळ म्हणजे चिरलेला पेट्रोलचा रबरी पाइप, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे पाइप आणि क्लिपा नव्याच घाला. आतल्या शेगडीची गॅसलाइन जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय सिलिंडर जोडू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.