हिवाळ्यात सायक्लोक्रॉसची जागतिक अजिंक्यपद शर्यत बघायला वयस्कर आईला आणि लहान मुलाला नेणं वेडेपणा आहे का?

वेडेपणा वगैरे काही नाही. सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल, वाळू आणि अडथळ्यांतून फेऱ्या मारायची सायकल शर्यत, एवढंच. न्या. शक्य असेल तर रविवारऐवजी शनिवारी न्या, आणि आईंना विचारून ठरवा. बाकी कुणाला विचारू नका.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही अँटवर्पला राहता, आई नाशिकहून हिवाळ्यात येणार आहेत, मुलगा सात वर्षांचा आणि सायकलवेडा, आणि घरातले बाकीचे म्हणतात, "एवढ्या थंडीत चिखलात कशाला उभं राहायचं, टीव्हीवर सगळं दिसतं." हेच वाक्य मी पुण्याहून आलेल्या फोनवर ऐकलेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आम्ही आइंडहोवनला असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद होगरहाइडेला होतं. नेदरलँड्सच्या ब्राबांट प्रांतातलं, बेल्जियमच्या सीमेला चिकटलेलं गाव. सासूबाई (मी त्यांना आई म्हणते) तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांचं माहेर पाटणच्या बाजूचं, कोयनेच्या खोऱ्यातलं, आणि सासर कराड. रविवारची, म्हणजे ५ तारखेची, पुरुषांच्या शर्यतीची तिकिटं नवऱ्याने आधीच काढली होती. आई घरीच थांबणार असं ठरलं होतं. तसं कोणी ठरवलं होतं? आम्हीच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी आम्ही टीव्ही लावून बसलो होतो. सकाळी ज्युनिअर मुलींची शर्यत झाली, त्यात कॅनडाची इझाबेला होमग्रेन पहिली आणि तिची जुळी बहीण एवा दुसरी. आईंचे वाटाणे सोलणारे हात थांबले. "जुळ्या? मग आईबापांनी आधी कुणाला जवळ घ्यायचं?" मग तेवीस वर्षांखालच्या मुलांत तिबो नाइस जिंकला. मी सांगितलं की याचा बाप स्वेन नाइस, तोही जगज्जेता, २००५ ला आणि २०१३ ला. आणि उद्या ज्याला बघायला जायचंय त्या मॅथ्यू व्हान डर पूलचा बाप आद्री १९९६ चा जगज्जेता, होगरहाइडेचा मार्ग त्यानेच आखलाय. मॅथ्यूच्या आईचे वडील रेमों पुलिदोर, टूर द फ्रान्समध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत आले, पण आघाडीवरच्या खेळाडूला मिळणारी पिवळी जर्सी अंगावर एक दिवसही चढली नाही. नातवाने ती २०२१ मध्ये दुसऱ्याच दिवशी मिळवली, आणि तोवर आजोबा जाऊन दीड वर्ष झालं होतं.

सायकल म्हणजे काय याच्याशी आईंना काडीचं देणंघेणं नव्हतं. पण घराणी, कोण कुणाचा नातू, कुणाचं काय राहून गेलं, हा त्यांचा प्रांत. संध्याकाळी फेम व्हान एम्पेलने पुक पीटर्सेला मागे टाकून महिलांचं विजेतेपद घेतलं तेव्हा या टीव्हीसमोरून उठेनात. नवऱ्याच्या ऑफिसातला जो एकजण आमच्याबरोबर येणार होता त्याला रात्री ताप आला. तिकीट वाया जाणार म्हटल्यावर आई म्हणाल्या, "वाया कशाला? मी येते की." हे मी मुद्दाम नीट लिहितेय. मी त्यांना ओढत नेलेलं नाही.

सकाळी ए-५८ ने निघालो. शर्यतीच्या दिवशी असल्या गावांत गाडी आत जाऊ देत नाहीत, लांब कुणाच्या तरी शेतात लावायची आणि चालत जायचं. आई माझ्यापेक्षा बऱ्या चालल्या. पुढे झेंडे, बसेसमधून उतरलेले बेल्जियन, एकसारख्या टोप्या घातलेली सपोर्टर मंडळं, दुपार व्हायच्या आत हातात बीअर, स्पीकरवर गळा फाडून बोलणारा निवेदक, तळलेल्या बटाट्याचा वास. आईंनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्याकडचं बैलगाड्यांचं मैदान!" त्यानंतर त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. फायनल कधी, कुणाची जोडी कुणाशी लागणार, कोण पुढे सुटणार, सगळं त्यांच्या ओळखीचं.

आता तुमचा खरा प्रश्न, उभं कुठे राहायचं. सगळे पायऱ्यांपाशी किंवा फळ्यांपाशी धावतात. फळ्या म्हणजे आडव्या लावलेल्या अडथळ्यांची जोडी, फार तर ४० सेंटीमीटर उंच. बरेचजण उतरून सायकल उचलून पलीकडे जातात, व्हान डर पूलसारखे सायकलीवरूनच उडी मारतात. तिथे गर्दी इतकी की सात वर्षांच्या पोराला माणसांच्या पाठी दिसतील. तुम्ही पिटपाशी जा, म्हणजे खेळाडू शर्यत चालू असताना सायकल बदलतात त्या जागेपाशी. बहुतेक मोठ्या शर्यतींत पिट दुहेरी असतो, म्हणजे मार्ग एकाच पिटच्या दोन्ही अंगांनी जातो. एक फेरी साधारण तीन किलोमीटरची, सहासात मिनिटांची, आणि त्या एका फेरीत खेळाडू तुमच्या समोरून दोनदा जातात. मधल्या वेळात पोराला कंटाळा येत नाही, कारण पिटमध्ये मेकॅनिक मंडळी चिखलाने भरलेली सायकल घेतात, प्रेशर वॉशरने धुतात, चेनला तेल देतात आणि पुढच्या खेपेला तयार ठेवतात. तास-सव्वातास आमची धाकटी त्या पाण्याच्या फवाऱ्यावरून हलली नाही. त्या दिवशी जगज्जेता कोण झाला हे तिला अजूनही सांगता येणार नाही, पण कोणत्या संघाचा वॉशर जोरात होता ते सांगेल.

शर्यत दुपारी तीनच्या सुमारास सुटली. पहिल्या फेऱ्यांतच मॅथ्यू आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी, बेल्जियमचा वाउट व्हान आर्ट, बाकीच्यांपासून सुटले, आणि मग तासभर दोघेच. पुढे हा, मागे तो, मध्ये हातभर अंतर. आधीच्या वर्षीचा विजेता टॉम पिडकॉक त्या वर्षी आलाच नव्हता, त्यामुळे तिसरा कोणी मध्ये येईल ही आशाही नव्हती. दोघे समोरून जाताना जो आवाज येतो, टायर मातीतून उपटल्याचा आणि श्वासाचा, तो टीव्हीवर येत नाही. आणि उतार! टीव्हीवर सगळं सपाट दिसतं. आडव्या उतारावरून तिरकी सायकल काढताना एक पाय पॅडलच्या क्लिपमधून सोडलेला, पुढचं चाक घसरतंय, आणि हा माणूस वेग कमी करत नाही. तिथे आपण स्वतः उभं राहून दाखवावं, मग कळतं. आमच्या शेजारच्या एका दणकट गृहस्थांनी दोरीपलीकडच्या उतारावर नुसतं उभं राहायचा प्रयत्न केला आणि ते बसले.

शेवट आम्ही डोळ्यांनी पाहिला नाही, हे कबूल. फिनिश दूर होती, मोठ्या पडद्यावरच दिसली. शेवटच्या डांबरी सरळ पट्ट्यावर मॅथ्यूने आधी मुसंडी मारली, वाउटला प्रत्युत्तर द्यायला वेळच मिळाला नाही, आणि खेळ खलास. पाचवं जगज्जेतेपद, तेही बापाच्या अंगणात. एली इझरबाइट तिसरा. तेव्हा "शेवट पडद्यावरच बघितलात ना, मग घरी काय वाईट होतं?" असं नवऱ्याने मला गाडीत विचारलं. त्याला आईंनीच उत्तर दिलं, "घरी एवढं ओरडू दिलं असतंस का?"

आईंनी काय खाल्लं हेही विचारतील लोक, म्हणून सांगते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात होती. दशमी थंडीने कडक झाली, म्हणून चटणी तिथल्या गरम बटाट्यांवर भुरभुरली. मेयोनेजपेक्षा दसपट चांगलं लागतं.

संध्याकाळी नवऱ्याने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. आई, लाल नाक, डोक्यावर नातवाची लोकरी टोपी, मागे बीअर घेतलेले चार बेल्जियन. दहा मिनिटांत नणंदेचा फोन. "माझ्या आईला तुम्ही कुठल्या जत्रेत नेलंत? तिचं वय काय? टीव्ही नाही का घरी?" दोन दिवसांनी आईंना सर्दी झाली, मग तर बघायलाच नको. ती सर्दी धाकटीच्या शाळेतून आली होती. त्या आठवड्यात तिचा अर्धा वर्ग शेंबडा होता. पण सुनेचं कोण ऐकतो?

आता एवढं सांगितलंच आहे तर हेही सांगते. याच ताईंनी आईंना केदारनाथला नेलं होतं. साडेतीन हजार मीटरच्या वर, डोलीत बसवून, पावसात. ते पुण्यकर्म. आणि मी मात्र समुद्रसपाटीवरच्या गावात, जिथे हाकेच्या अंतरावर अँब्युलन्स उभी असते, तिथे तीन तास नेलं तर तो हलगर्जीपणा. म्हाताऱ्या माणसाला देवाच्या नावाखाली कितीही हाल चालतात, मजेच्या नावाखाली सर्दीसुद्धा चालत नाही, हे मला मान्य नाही. तुमच्या घरातही "आईला झेपणार नाही" असं म्हणणारे जे कोणी आहेत, त्यांनी आईला शेवटचं कधी विचारलं की तुला काय बघायचंय?

असो. जागतिक अजिंक्यपदाचाच हट्ट नसेल तर तुम्ही अँटवर्पला आहात, म्हणजे या खेळाच्या दारातच. १ जानेवारीला बालला शर्यत असते, स्वेन नाइसच्या गावात. झोनहोवनला एक मोठा वाळूचा खड्डा आहे, खेळाडू वरून त्यात उतरतात आणि प्रेक्षक चहूबाजूंनी काठावर, म्हणजे एका जागी उभं राहून पुष्कळ दिसतं. आईंसाठी मी डोळे मिटून झोनहोवन सांगेन. नामूरच्या किल्ल्यावरची शर्यत देखणी आहे, पण तिथले चढउतार प्रेक्षकांनाही चढावे लागतात, गुडघे दुखत असतील तर नकोच. कोक्साइडेला वाळूच्या टेकड्या, वर समुद्राचा वारा. आणि थंडीचीच भीती असेल तर युरोपीय अजिंक्यपद नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतं, तेव्हा हवा बरीच माणसात असते. पण आई डिसेंबरात येणार असतील तर त्याचा काही उपयोग नाही.

शनिवार का म्हणाले? रविवारी पुरुषांची मुख्य शर्यत, त्यामुळे गर्दी आणि दारू दोन्ही जास्त. शनिवारी महिलांची असते, आणि गेली काही वर्षं ती पुरुषांइतकीच, कधी कधी जास्तच, चुरशीची होते. पुरुषांत शर्यत सुटली की वीस मिनिटांत निकाल कळावा असंही होतं. "खरी शर्यत रविवारची" म्हणणाऱ्यांनी होगरहाइडेचा शनिवार पुन्हा बघावा.

कपड्यांचं सांगत बसत नाही, तुम्ही तिथेच राहता. एकच गोष्ट लोक विसरतात: थंडी खालून येते. जुनी योगा मॅट कापून तिचे तुकडे न्या आणि त्यावर उभे राहा. आम्ही नेले होते, आणि दोन अनोळखी बेल्जियन आजोबा आईंच्या तुकड्यावर येऊन उभे राहिले. आईंना घडीचं स्टूल न्या, पण ते आत नेता येतं का, आणि बाहेरचं खाणं चालतं का, हे त्या त्या शर्यतीच्या नियमांत बघा. लहान मुलांना बहुतेक शर्यतींना तिकीट नसतं.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. एक म्हणजे शौचालयं. तात्पुरती असतात, बायकांची रांग लांब असते, दुपारनंतर अवस्था बघवत नाही. आईंना मुख्य शर्यतीच्या पाऊण तास आधी नेऊन आणा. दुसरं, गर्दी नेहमीच गोड नसते. २०२३ च्या डिसेंबरात हुल्स्टच्या शर्यतीत प्रेक्षकांनी टवाळी केली म्हणून मॅथ्यू त्यांच्या दिशेने थुंकला आणि त्याला अडीचशे स्विस फ्रँक दंड झाला. बीअर तंबूपासून लांब राहिलात तर तुमच्या वाट्याला यातलं काही येणार नाही. तिसरं आणि महत्त्वाचं: आईंना दमा किंवा हृदयाचं काही असेल तर माझं वरचं सगळं भाषण बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. थंड हवेत दमा खरंच बळावतो. त्यांचा प्रवास विमा आधीच्या आजारांना लागू आहे का तेही बघा, बहुतेक स्वस्त विमे नसतात.

आमच्या आईंना यातलं काही नव्हतं. सर्दीच्या वेळी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं, छाती साफ निघाली. ताई, तुम्ही इथे उत्तरं वाचता हे मला माहीत आहे, तेव्हा तो कागद हवा असेल तर पाठवते. आणि आईंनी पुढच्या हिवाळ्यासाठी झोनहोवनचं माझ्याकडून कबूल करून घेतलंय, ते तुम्हाला त्या स्वतःच सांगतील.