दर पावसाळ्यात खोकला आणि धाप, हा दमाच का? फुफ्फुसं सांभाळायची कशी?

तुम्ही विचारलंय की वडिलांना (वय ५८) मृगापासून चवथीपर्यंत खोकला असतो, जिना चढताना धाप लागते, आणि 'पंपाची सवय लागते' म्हणून ते पंप (इनहेलर) घेत नाहीत. मी डॉक्टर नाही. आईच्या खोकल्यापायी जे कळलं तेवढं सांगतो.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीकडचे, खाणींच्या भागातले. आईच्या खोकल्याचं खापर घरात सगळे खनिजाच्या ट्रकांवर फोडायचे. दारातल्या तुळशीवरही लाल थर बसायचा, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तुळस हिरवी दिसायला लागली, आईचा खोकला होता तिथंच. दगडाच्या धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, ते खरंच. पण आईचं दुखणं आमच्या न्हाणीत होतं. रोज पहाटे भाण (आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) तापवायचं: चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या), सोडणं (नारळाची सालं), पावसात ओली राहिलेली लाकडं. धूर कोंडलेला, आणि फुंकणी घेऊन ती तिथंच वाकलेली. जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाणारा आजार. त्याआधी दोन वर्षं एका दवाखान्यातून खोकल्याची बाटली आणि अँटिबायोटिक आणत होतो. स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) करा, असं कुणी म्हणालंच नाही.

तुम्ही आधी तीच करा. नाकाला चिमटा लावून नळीत जीव खाऊन फुंकायचं, निदान ६ सेकंद. मग पंपाचं औषध देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडा चांगला वर आला तर कौल दम्याकडे, फारसा हलला नाही तर सीओपीडीकडे. दमा येतो-जातो, रात्री-पहाटे छाती वाजते. सीओपीडी साधारण चाळिशीनंतर हळूहळू चढतो. वडिलांना फक्त पावसाळ्यातच होत असेल तर कपाटामागची बुरशी आणि जुनी गादीही बघा.

आता पंप. सालब्युटामॉलच्या, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या, एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या ४० पट. मग घाबरायचं कुणाला? सवय लागत नाही. चुकतं ते घेताना. आई तीर्थ घेतल्यासारखी फवारा जिभेवर मारून गिळायची, आणि वर म्हणायची, 'ह्याचा काय उपयोग नाही.' हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, हळू आत ओढता ओढता दाबायचा, मग १० सेकंद रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) घ्या, आमचं काम त्यानंच झालं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं.

दोन आठवड्यांवर खोकला टिकला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, तर थुंकीची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते. क्षयरोग निघाला तरी औषधं सरकारी मिळतात. साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. थुंकीत रक्त दिसलं किंवा ओठ निळसर पडले तर मात्र थांबूच नका.

विडी-सिगारेट असेल तर आधी ती सोडायची, बाकी उपाय त्यानंतर. डासांची कॉइल बंद खोलीत नको, मच्छरदाणी बरी. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. वाफ घेतल्यानं नाक मोकळं होतं, फुफ्फुसं 'साफ' वगैरे होत नाहीत. रोजचं चालणं सोडू देऊ नका, धाप लागली तर ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा.

आमच्या न्हाणीत आता विजेचा गीझर आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र आईला भाणाचंच पाणी लागतं. पेटवतो मी. ती मागच्या दारातून ओरडून सांगते, सोडणं कशी रचायची ते.