चिऱ्याच्या भिंतीसाठी कोणतं ड्रिल घ्यावं?

तुझं घर फोंड्याकडचं, जुनं, चिऱ्याचं. मग थेट मोठ्या रोटरी हॅमरवर, म्हणजे काँक्रीट फोडायच्या जोरदार ड्रिलवर, पैसे घालू नकोस. ६०० वॉटच्या आसपासचं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा), वेग कमी-जास्त करता येणारं साधं इम्पॅक्ट ड्रिल घे. हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके देणं, बंद करायचं बटण त्यावर हवंच, आणि तेच बटण चिऱ्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

चिरा म्हणजे जांभा दगड, आतून पोकळ्या असलेला. त्यात हॅमर लावून भोक पाडलं की कडा ढासळतात, ८ मिमीचं भोक १२ चं होतं आणि स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग नुसता फिरत राहतो. माझ्या देवघराची फळी अशीच उपटून आली होती. तेव्हापासून मी हॅमर बंद ठेवून, टंगस्टन कार्बाइड टोकाच्या बिटने सावकाश भोक पाडतो आणि लांब प्लग घालतो.

बाहेर पडणारी पूड बघत जा. आधी गिलाव्याची राखाडी येते, मग लाल आली की चिरा लागला. राखाडीच येत राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर समोर काँक्रीटचा बीम आहे. तिथे जोर लावत बसू नकोस, बिट जळेल. दोन-चार भोकांसाठी एसडीएस-प्लसचं (खाचेत बिट अडकवायची पद्धत) रोटरी हॅमर भाड्याने आण. काँक्रीटच्या भिंतींचा फ्लॅट असता तर तेच विकत घे म्हटलं असतं.

आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नकोस रे, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. चष्मा घाल. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला तर हातच लावू नकोस.